तुमचे प्रश्न : शेजारच्या दोन समाजांचं फाटलं तर शिवायचं कोणी?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की एकाच भागात राहणाऱ्या दोन वांशिक समाजांमध्ये वाद पेटला तर तो मिटवायला साध्या माणसांना काय करता येतं, यावर तुम्हाला काय विचारायचंय ते कळवा. पत्रं भरपूर आली, काही चिडून लिहिलेली, काही अगदी थकलेल्या सुरातली. नावं-गावं आम्ही काढून टाकलीत, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती आणि ज्यांनी केली नव्हती त्यांच्याही भल्याचंच आहे ते. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दोन समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतात पण दर दोन-चार वर्षांनी काहीतरी होऊन दगडफेक, जाळपोळ होतेच. मग शांतता समिती बसते, दोन्हीकडचे ठरलेले पुढारी हातात हात घालून फोटो काढतात, पेपरात छापून येतो आणि पुढच्या वेळी परत तेच. या समित्यांना काही अर्थ असतो का हो?

फोटोपुरत्या समितीला नसतो, सरळच सांगते. पण समिती ही गोष्टच फालतू असं मात्र म्हणू नका, कारण ती नीट चालली तर काय होतं याची उदाहरणं आहेत आणि त्यातलं मला सगळ्यात पटलेलं केनियाच्या ईशान्य भागातल्या वजीर जिल्ह्याचं आहे.

तिथे अजुरान, देगोडिया, ओगाडेन अशी सोमाली कुळं राहतात, गुरं आणि उंट राखणारी, त्यामुळे पाणी आणि चराई यावरून कुरबुरी कायमच्याच. 1991-92 मध्ये मोठा दुष्काळ पडला, गुरं मेली, त्यात 1991 लाच शेजारच्या सोमालियातलं सरकार कोसळलं आणि तिकडून बंदुका यायला लागल्या. म्हणजे भांडण जुनंच होतं, फक्त आता काठीच्या जागी रायफल आली, आणि माणसं पटापट मरायला लागली. सरकार होतं पण लांब होतं, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

सुरुवात कोणी केली तर बायकांनी, आणि कुठून केली तर बाजारातून. तोवर बाजारातही फूट पडली होती, अमक्या कुळातल्या बाईला माल विकायचा नाही, तमक्या कुळातल्या बाईकडून घ्यायचा नाही. वेगवेगळ्या कुळांतल्या काही बायका 1993 मध्ये एकत्र आल्या आणि म्हणाल्या की बाकीचं राहू दे, आधी हा बाजार सगळ्यांना मोकळा झाला पाहिजे. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत, बाजारात लक्ष ठेवायला माणसं नेमली, कोणी कोणाला अडवलं, शिवीगाळ केली की ते लगेच कळवायचं आणि तिथल्या तिथे मिटवायचं. ते जमलं तेव्हा कुठे या बायका म्हाताऱ्या मंडळींकडे गेल्या, मग तरुणांकडे, मग धर्मगुरूंकडे. कुळांच्या प्रमुखांना एकत्र बसवताना पुढाकार सगळ्यात छोट्या कुळातल्या माणसांना दिला, कारण त्यांच्याकडून कोणालाच भीती नव्हती. त्याच वर्षी अल-फतह नावाचा जाहीरनामा झाला, चोरलेली गुरं, बंदुका, खून झाला तर काय करायचं, याचे नियम त्यात ठरले. या सगळ्यात पुढे असलेल्या देखा इब्राहिम अब्दी यांना 2007 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार (ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात) मिळाला, 2011 मध्ये अपघातानंतर त्या वारल्या.

आता मुद्दा असा की जाहीरनामा सगळेच करतात. वजीरमध्ये त्याच्यानंतर जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. कुठे गुरं पळवली किंवा खून पडला की एक टीम लगेच तिकडे निघायची, त्यात वेगवेगळ्या कुळांची वडीलधारी माणसं, बायका, धर्मगुरू आणि सोबत सरकारी सुरक्षा अधिकारी. म्हणजे बदला घ्यायला पोरं गोळा व्हायच्या आत दोन्हीकडची माणसं एकत्र तिथे पोचलेली. 1995 मध्ये ही सगळी व्यवस्था जिल्हा प्रशासनाशी जोडली गेली, आणि पुढे 2007-08 च्या निवडणुकीनंतर केनियात हजारावर माणसं मेली तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती हवी हे देशपातळीवर ठरलं. तेव्हा काही ठिकाणी समित्या घाईत, कागदावर आणि भत्त्यासाठी उभ्या राहिल्या आणि तिथे त्यांची अवस्था तुमच्याकडच्या समितीसारखीच झाली, हेही सांगायला हवं.

तर तुमच्या समितीला एवढंच विचारून बघा. भांडण नसताना शेवटची बैठक कधी झाली? रात्री दोनला फोन केला तर दोन्हीकडचं कोण कोण उचलेल आणि उचलून बाहेर पडेल? आणि समितीतल्या साहेबांचं त्यांच्याच समाजातली वीस वर्षांची पोरं ऐकतात का? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसले तर समजून जा की माणसं बदलायची वेळ आलीय. पुढारी ठेवा, हरकत नाही, पण सोबत ज्याचं पोरं ऐकतात तो पण लागतो, भले त्याचं रेकॉर्ड फार स्वच्छ नसेल.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. आम्ही दोन्ही समाजांतल्या मुलांची फुटबॉल टुर्नामेंट घ्यायचं ठरवतोय. घरचे म्हणतात की खेळून काय होणारे, उलट मैदानातच मारामाऱ्या होतील. खरंच फायदा होतो का?

होतो, पण किती आणि कुठपर्यंत ते आधी समजून घे म्हणजे नंतर निराश व्हायला नको.

पहिलं म्हणजे एका समाजाची टीम विरुद्ध दुसऱ्या समाजाची टीम असं काही ठेवलं असशील तर आजच रद्द कर. त्याने घरच्यांचं म्हणणं खरं ठरेल. टीम मिक्स पाहिजेत. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच हे मांडलं होतं की नुसतं एकमेकांच्या संपर्कात येऊन पूर्वग्रह कमी होत नाहीत, त्याला अटी आहेत: त्या जागी दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडली पाहिजे, आणि वरून कोणीतरी, म्हणजे शाळा, क्लब, सरकार, याला उघड पाठिंबा दिला पाहिजे. मालक एका समाजाचा आणि नोकर दुसऱ्या, यांचा संपर्क रोजचाच असतो की, त्याने काय फरक पडला आजपर्यंत?

तुझ्या प्रश्नाला तर थेट उत्तर देणारा प्रयोगच झालाय, उत्तर इराकमध्ये, आयसिसच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चन लोकांच्या भागात. सल्मा मूसा या संशोधिकेने तिथे हौशी फुटबॉल लीग घेतली. काही टीम पूर्ण ख्रिश्चन ठेवल्या, काहींमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून मुस्लिम खेळाडू घातले. 2020 मध्ये निकाल छापले गेले. मिक्स टीममधली मुलं पुढच्या सीझनलाही मिक्स टीममध्ये नाव द्यायला जास्त तयार होती, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या टीममधल्या मुस्लिम खेळाडूला मत देत होती, सहा महिन्यांनंतरही मुस्लिम मुलांबरोबर प्रॅक्टिस करत होती. पण मैदानाबाहेर, म्हणजे मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या हॉटेलात जाणं, अनोळखी मुस्लिम लोक येणार अशा कार्यक्रमाला जाणं, तिथे विशेष फरक दिसला नाही. ओळखीच्या माणसाबद्दल मन बदललं, अख्ख्या समाजाबद्दल नाही.

मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. दंगलीच्या रात्री फोन ओळखीच्या माणसालाच केला जातो ना! पण एक दिवसाची टुर्नामेंट, बक्षीस समारंभ आणि भाषणं यातून हे होत नाही, सीझनभर एकाच टीममध्ये घाम गाळावा लागतो. तेवढी तयारी असेल तर घ्या.

शाळांचं पण असंच आहे. बोस्नियात 1992-95 च्या युद्धानंतर काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरायला लागल्या, बोस्नियाक (म्हणजे तिथली मुस्लिम) मुलं वेगळी, क्रोएट मुलं वेगळी, दारं वेगळी, अभ्यासक्रम वेगळा, आणि कागदोपत्री म्हणायचं की मुलं एका छताखाली शिकतात! त्याच देशात बर्चको नावाच्या जिल्ह्यात मात्र 2001 पासून बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब अशा तिन्ही समाजांची मुलं एका वर्गात बसवली. उत्तर आयर्लंडमध्ये पालकांनीच पुढाकार घेऊन 1981 मध्ये लॅगन कॉलेज ही कॅथलिक-प्रोटेस्टंट एकत्र शाळा 28 मुलांवर सुरू केली. पण अशा शाळांमध्ये शिकणारी मुलं तिथे आजही दहा टक्क्यांच्या आतच आहेत, म्हणजे चार दशकांनंतरही. हळूहळूच जातं हे काम.

प्रश्न : मी एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. तणाव असला की असे असे फोटो आणि व्हिडिओ येतात की वाचून माझंच डोकं फिरतं. डिलीट केलं तर लोक म्हणतात तू विकला गेलास. काय करू?

नुसतं डिलीट करून भागत नाही, तुमचा अनुभव बरोबर आहे, लोकांना वाटतं काहीतरी लपवलं. अफवेला उत्तर द्यावं लागतं, आणि ते त्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाकडून यावं लागतं.

इंडोनेशियातलं आंबोन शहर बघा. 1999 मध्ये तिथे ख्रिश्चन आणि मुस्लिम समाजात हिंसा सुरू झाली, हजारो लोक मेले, फेब्रुवारी 2002 मध्ये मालिनो इथे करार झाला. तरी शहर मनाने दुभंगलेलंच राहिलं. सप्टेंबर 2011 मध्ये एक मुस्लिम मोटारसायकल-टॅक्सीवाला मेला. पोलीस म्हणाले अपघात, पण मेसेज फिरला की ख्रिश्चन लोकांनी छळून मारलं, आणि परत जाळपोळ. यावेळी मात्र दोन्हीकडच्या काही मंडळींनी, त्यात पाद्री जॅकी मानुपुट्टी आणि मुस्लिम अभ्यासक आबिदिन वाकानो होते, एक नेटवर्क उभं केलं. अमकी इमारत जाळली असा मेसेज आला की त्या भागातला त्यांचा माणूस तिकडे जायचा, इमारत उभी असेल तर फोटो काढायचा आणि तो दोन्ही समाजांत पाठवायचा. हिंसा भडकवणारे चिथावणी देतात तर आपण शांततेची चिथावणी देऊ, असं म्हणत त्यांनी स्वतःला शांततेचे चिथावणीखोर म्हणवून घेतलं. 1999 ची पुनरावृत्ती झाली नाही, आणि त्यात या लोकांचा मोठा वाटा होता असं मानलं जातं.

स्मार्टफोन लागतोच असंही नाही. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या कार्यकर्त्यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी साधे मोबाइल दिले गेले. इकडच्याने तिकडच्याला फोन करायचा, तुमच्या बाजूने पोरं जमलीत, बघा जरा. तिकडचा जाऊन बघायचा, पांगवायचा किंवा उलट कळवायचा की काही नाही, मॅच सुटलीय. हे दोघं एकमेकांचे मित्र असायलाच पाहिजेत असं नव्हतं, राजकारणात तर एकदम विरुद्ध टोकाचे असायचे. फोन मात्र उचलायचे.

तुम्ही करू शकाल ते असं की दुसऱ्या समाजातल्या एखाद्या ॲडमिनशी आत्ताच, सगळं शांत असताना, ओळख करून घ्या आणि ठरवा की असलं काही आलं की आधी एकमेकांना विचारायचं. मग ग्रुपवर टाकायचं की हा फोटो अमक्या ठिकाणचा म्हणतात, तिथल्या माणसाला विचारलंय, थांबा. मणिपूरमध्ये मे 2023 मध्ये हिंसा सुरू झाली तेव्हा दिल्लीकडच्या एका जुन्या खुनाचा फोटो मणिपूरमधल्या बाईचा म्हणून फिरवला गेला आणि त्यातून सूडाची भावना किती भडकली ते आपण सगळ्यांनी वाचलं. तासाभराचा उशीर एवढं जरी तुम्ही मिळवून दिलंत तरी पुष्कळ झालं. आणि हो, बातमी खरी निघाली तर ती खोटी आहे असं कधीही सांगू नका, एकदा खोटं पकडलं गेलं की तुमचा शब्द कायमचा गेला.

प्रश्न : तुमच्यासारखे लोक आरामात बसून सांगतात एकत्र बसा, बोला. माझा सख्खा भाऊ गेलाय. ज्यांनी मारलं ते समोरून जातात, पोलिसात काही होत नाही. त्यांच्याशी मी काय बोलू?

दादा, तुम्ही काहीच बोलू नका. तुमच्यावर ती जबाबदारी नाहीच. हे मी तोंडदेखलं म्हणत नाहीये, समेटाच्या नावाखाली ज्यांचं गेलं त्यांनाच आधी समजूतदारपणा दाखवायला सांगणं ही या सगळ्या क्षेत्रातली मोठी खोड आहे.

पारंपरिक पद्धतीने पंच बसवून मिटवण्याचं कौतुक खूप होतं, पण त्याचा दर बघा. ईशान्य केनियात 2001 मध्ये मोदोगाशे जाहीरनामा झाला, त्यात पुरुष मारला गेला तर शंभर जनावरं आणि बाई मारली गेली तर पन्नास अशी भरपाई ठरली. त्याने सूडाची साखळी तुटायला मदत झाली हे खरं. पण बाईचा जीव अर्धा, आणि ज्याने खून केला तो मोकळा कारण भरपाई अख्ख्या कुळाने भरली, आणि देशाच्या कायद्यात खून हा गुन्हा असताना हे बसतं कुठे, हे प्रश्न तिथल्याच लोकांनी विचारले.

रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर तुरुंगात लाखाच्या वर माणसं होती, नेहमीची कोर्टं चालवायची म्हटलं तर शंभर वर्षं लागली असती. म्हणून गाचाचा नावाची गावपातळीवरची लोकन्यायालयं सुरू केली, 2002 पासून 2012 पर्यंत, बारा हजारांच्या आसपास, आणि त्यांनी दहा लाखांच्या वर प्रकरणं निकाली काढली. आपल्या माणसाचं प्रेत कुठे टाकलं हे कितीतरी लोकांना तिथेच पहिल्यांदा कळलं. पण आरोपींना वकील नव्हता, साक्षीदारांना धमक्या आल्या, आणि जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांनी केलेल्या खुनांना तिथे जागाच नव्हती. म्हणजे अर्ध्या दुःखाला कोर्ट मिळालं, बाकीच्याला नाही.

तेव्हा माझं मत सांगते. पुढची दंगल होऊ नये म्हणून दोन समाजांनी एकत्र काम करणं एक आणि झालेल्या खुनाचा न्याय दुसरा, पहिल्याचं निमित्त करून दुसरं बंद करता येत नाही. उलट दोन्ही समाजांतल्या माणसांनी मिळून तपासाची मागणी केली तर ती जास्त जड पडते. तुमच्या भावाच्या केससाठी समोरच्या समाजातला एक जरी माणूस साक्ष द्यायला उभा राहिला तर तो समेट मला शंभर बैठकांपेक्षा मोठा वाटेल.

आणि मन साफ होईपर्यंत थांबावं लागतं असंही नाही, एवढंच एका उदाहरणावरून सांगते, सल्ला म्हणून नाही. नायजेरियाच्या कादुना राज्यात इमाम मुहम्मद अशफा आणि पास्टर जेम्स वुये हे एकेकाळी समोरासमोरच्या सशस्त्र टोळ्यांचे म्होरके होते. 1992 च्या हिंसाचारात वुयेंचा हात गेला, अशफांचे दोन चुलतभाऊ आणि गुरू मारले गेले. 1995 मध्ये एका पत्रकाराने त्यांना समोरासमोर आणलं आणि त्यांनी मिळून संस्था काढली. पण वुयेंनी नंतर उघडपणे सांगितलंय की एकत्र काम सुरू झाल्यावरही कितीतरी दिवस मनात सूडच होता, एका खोलीत झोपलेले असताना उशीने याचा जीव घ्यावा असंही वाटून गेलं. तरी सकाळी उठून दोघं बरोबर कामाला जात होते. 2000 मध्ये कादुनात पुन्हा मोठी दंगल झाली, ती त्यांना थांबवता आली नाही. पण 2002 मध्ये दोन्ही धर्मांच्या प्रमुखांच्या सह्यांनी कादुनाचा शांतता जाहीरनामा झाला त्यात या दोघांचं काम होतं.

प्रश्न : सगळं राजकारणी लोक करवतात. ते आग लावणार आणि आपण पाणी मारत बसायचं. याला काय अर्थ आहे?

करवतात हे मान्यच. पण मग सगळीकडे का नाही करवता येत त्यांना? आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा 1950 ते 1995 असा अभ्यास केला, तर जवळजवळ निम्मे मृत्यू फक्त आठ शहरांत झालेले निघाले, आणि खेड्यांमधले चार टक्क्यांच्याही आत. मग त्यांनी अलीगढ आणि कालिकत अशी शहरं शेजारी ठेवून बघितली, लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक पेटतं आणि दुसरं पेटत नाही. कालिकतमध्ये व्यापारी संघटना, युनियन, वाचनालयं, क्लब यांत दोन्ही समाज मिसळलेले होते. तिथे दंगल झाली तर दोघांचाही धंदा बुडतो, मग पुढारी कितीही बोलला तरी त्याला माणसं मिळत नाहीत. त्यांचं अजून एक म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं की लहान गावात रोजची उठबस पुरते, पण मोठ्या शहरात नुसती शेजाऱ्याशी दोस्ती पुरत नाही, तिथे रजिस्टर झालेली, फी घेणारी, निवडणुका होणारी संघटनाच लागते.

पोलिसांचंही विचारलंय काहींनी. भिवंडीत 1970 आणि 1984 ला भयानक दंगली झाल्या, मग 1988 मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि सोबत पोलीस, आणि 1992-93 मध्ये शेजारी मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. उत्तर आयर्लंडमध्ये तर पोलीस दलच एका समाजाचं होतं, कॅथलिक जेमतेम आठ टक्के. 1998 च्या शांतता करारानंतर दलाचं नाव बदललं, दहा वर्षं भरती अर्धे कॅथलिक, अर्धे बाकीचे अशी केली, आणि ते प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेलं. प्रोटेस्टंट समाजातून त्यावर बोंब झाली, अन्याय म्हणून, आणि ज्या मुलांची नोकरी हुकली त्यांच्या बाजूने बघितलं तर ती चुकीची पण नव्हती. पण ज्या दलात आपला एकही माणूस नाही त्याला टीप द्यायला कोण जाणार?

प्रश्न : आमच्याकडे बैठकीला बायकांना बोलावतच नाहीत. म्हणतात वातावरण तापलेलं असतं, तुम्ही कशाला. काय करावं?

वजीरचं वरचं उत्तर त्यांना वाचून दाखवा! आणि बोलावण्याची वाट बघू नका, तुमचं काम वेगळं सुरू करा, त्या बायकांनी पण पुरुषांच्या बैठकीत खुर्ची मागितली नव्हती, आधी बाजार ताब्यात घेतला आणि मग बैठकच त्यांच्याकडे आली. फक्त एक सांभाळा, बायका म्हणजे आपोआप शांततेच्या बाजूच्या असं काही नसतं, पोरांना हिणवून बाहेर काढणाऱ्या पण असतातच. त्यांनाही गाठा.

प्रश्न : ताई, सगळं पटतंय. पण आमच्याकडे इतकं तुटलंय की दोन्ही बाजूचे लोक एका खोलीत बसायला तयार नाहीत. सुरुवात करायची कुठून?

गटारापासून करा. चेष्टा नाही करत.

सायप्रस बेटाची 1974 मध्ये फाळणी झाली, ग्रीक सायप्रिऑट दक्षिणेत, तुर्की सायप्रिऑट उत्तरेत, आणि राजधानी निकोशियाच्या मधून काटेरी तारा आणि संयुक्त राष्ट्रांचे सैनिक. पण सांडपाण्याच्या पाइपांना फाळणी कळत नाही. शहराचा उतार उत्तरेकडे, त्यामुळे शुद्धीकरण केंद्र उत्तरेत आणि घाण दोन्हीकडची. दक्षिणेचे महापौर लेलॉस देमेत्रियादेस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी, दोघांनी 1978-79 च्या सुमारास ठरवलं की ही व्यवस्था एकत्र चालवायची. उत्तरेच्या सत्तेला दक्षिण मान्यता देत नाही, त्यामुळे तुम्ही कोण, आम्ही कोण, सही कोणत्या पदाने, हे सगळे प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले. दोन्हीकडचे इंजिनिअर भेटायला लागले, 1980 मध्ये केंद्र सुरू झालं, मग त्यातूनच अख्ख्या शहराचा एकत्र आराखडा निघाला, रस्ते, जुन्या इमारतींची दुरुस्ती वगैरे. पलीकडे जायची वाट सामान्य लोकांसाठी 2003 मध्ये उघडली, म्हणजे गटार लोकांच्या वीसेक वर्षं आधी एक झालं होतं. बेटाचा प्रश्न आजही सुटलेला नाही, हे काही जादूचं औषध नाही. पण इतकी वर्षं त्या शहरात दोन्ही बाजूंना रोज एकमेकांना फोन करायला एक कारण राहिलं.

तुमच्याकडे असं काय आहे ते शोधा. पाणी, कचरा, पुराचा धोका, दवाखाना, गुरांना होणारा रोग, असं काहीतरी जे एकाने एकट्याने केलं तर होतच नाही. त्याला शांतता, सलोखा, एकता असलं नाव देऊ नका, नाव दिलं की ज्यांना फोटो काढायचेत ते येतात आणि ज्यांना काम करायचंय ते बिचकतात.

एका खोलीत बसत नसतील तर बसवू नका. आधी प्रत्येक बाजूकडे वेगळं जा, जाणारी माणसं मात्र दोन असू द्या, एक इकडचा एक तिकडचा, नाहीतर तुम्ही निरोप्या बनता आणि दोघंही तुमच्यावर संशय घेतात. प्रत्येकाला विचारा की समोरच्यांनी कोणती एक गोष्ट बंद केली तर तुम्हाला उद्यापासून बरं वाटेल. मोठ्या मागण्या येतील, इतिहास येईल, शंभर वर्षांपूर्वीचं येईल, ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, पण लिहून आणायची ती छोटी गोष्टच. अमक्या रस्त्याने मिरवणूक नेताना वाजवायचं थांबवा, आमच्या मुलींना बसस्टॉपवर त्रास होतो तो बंद करा, असलं काहीतरी निघतं.

मग भेट ठरली की जागा दोघांपैकी कोणाचीच नको. दोन्हीकडची माणसं सारखी, आणि दोन्हीकडे किमान एक असा जो रागावलेला आहे, नुसती गोड माणसं जमवली तर त्यांनी ठरवलेलं बाहेर कोणी पाळत नाही. पहिल्या दिवशी अजेंडा त्या छोट्या गोष्टीपुरताच, माफी वगैरे कोणाकडून मागू नका. भाषांतर लागत असेल तर दोन भाषांतरकार ठेवा, दोन्हीकडचा एकेक, कारण अर्धी भांडणं तो बोलला वेगळं आणि सांगितलं वेगळं यावरूनच होतात. उठायच्या आधी पुढची तारीख आणि तोपर्यंत कोणी काय करायचं ते कागदावर लिहा, दोघांच्याही लिपीत, आणि फोन नंबर घ्या एकमेकांचे. बस्स, पहिल्या वेळी एवढंच, जेवढं ठरलं तेवढं आधी होऊ दे.